समुद्री आयसोपॉड ओळखताना या चुका टाळा

बांगडे साफ करताना कल्ल्याच्या झाकणाखालून कधीकधी एक पांढुरका, अंगाने वाकडा प्राणी निघतो. तो असतो आयसोपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि तासाभरात त्याचे बारसेही होऊन जाते: 'माशाची जीभ खाणारा किडा, सायमोथोआ एक्झिग्वा'. ती जात मुळात आपल्या समुद्रातली नाही. तिचे घर पूर्व प्रशांत महासागरात, कॅलिफोर्नियाच्या आखातापासून इक्वाडोरपर्यंत. बांगड्याच्या कल्ल्यात राहणारा आपल्याकडचा नेहमीचा पाहुणा म्हणजे नोरिलेका इंडिका. तो जिभेला हात लावत नाही. शास्त्राला तो १८४० पासून ठाऊक आहे, तरी आपल्या फोटोंखाली त्याचे नाव क्वचितच दिसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. (माणसाला त्याच्यापासून काही अपाय नाही. काढून टाका आणि बांगडा खुशाल तळा.)

गोव्यात आयसोपॉड पाहायला फार लांब जावे लागत नाही. हणजुणेचे खडक, मांडवी-जुवारीच्या खारफुटी, मालीमची जेटी, मासळीबाजार, सगळीकडे ते आहेत. नाव चुकते ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: आपण पाठ पाहतो आणि पोट पाहत नाही.

आधी तो आयसोपॉड आहे का, ते पाहा

शेवाळ झटकले की टुणकन उड्या मारणारे बहुतेक प्राणी अँफिपॉड, म्हणजे आयसोपॉडांचे नातेवाईक, असतात. त्यांचे अंग दोन्ही बाजूंनी दाबलेले असते, आयसोपॉडचे वरून खाली चपटे. आयसोपॉडच्या पाठीवर कोळंबीसारखे एकसंध कवच नसते, डोळे देठावर नसतात, आणि वक्षाच्या सात खंडांना पायांच्या सात जोड्या असतात. जेटीच्या भिंतीवर माणसाची चाहूल लागताच फटीत पळणारी, लोक जिला झुरळ समजतात ती लिजिया हीसुद्धा आयसोपॉडच. लांब शृंगिका (स्पर्शाच्या मिशा), मोठे डोळे आणि मागे दोन दुभंगलेल्या शेपट्या दिसल्या की शंका उरत नाही.

पाय मोजायचे, पण वय विचारात घेऊन

सहाच जोड्या दिसल्या म्हणजे नवी जात सापडली असे नाही. मादी पोटाखालच्या पिशवीत पिल्ले वाढवते, आणि बाहेर पडणाऱ्या पिल्लाला सातवी जोडी नसते. या अवस्थेला मँका म्हणतात. नाथिडी कुळात तर प्रौढालाही चालायच्या पाच जोड्याच असतात. या कुळाची पिल्ले माशांचे रक्त पिऊन टम्म फुगतात, प्रौढ झाल्यावर खाणेच सोडतात, आणि जात ठरते ती मुख्यतः मोठ्या जबड्यांच्या प्रौढ नरावरून. फुगलेल्या पिल्लाच्या फोटोवरून जातीचे नाव देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

उलटे करा

माशावर सापडलेला प्रत्येक आयसोपॉड सायमोथोइडी कुळातला नसतो. प्राणी उताणा करा आणि हाताच्या भिंगातून पायांची टोके पाहा. सातही जोड्यांना आत वळलेले, धारदार आकडे असतील तर तो सायमोथोइडी, म्हणजे कायमचा चिकटून राहणारा. पुढच्या तीन जोड्यांना आकडे आणि मागच्या चार चालायच्या असतील तर एजिडी कुळाकडे वळा. ते रक्त पिऊन मासा सोडून जातात. एकाही जोडीला तसे आकडे नसतील आणि अंग गुळगुळीत, पोहण्याजोगे असेल तर सायरोलानिडी. हे वाळूत राहणारे, मेलेले किंवा जाळ्यात अडकलेले मासे खाणारे. जाळ्यातल्या मृत माशावर त्यांची झुंबड उडते आणि लोक त्यांना परजीवी ठरवून मोकळे होतात.

इथे एक अडचण येते. सायमोथोइडीची पिल्ले यजमान (ज्याच्यावर राहायचे तो मासा) शोधत मोकळी पोहतात. त्यांचे डोळे मोठे, अंग सडपातळ. वरून पाहिले तर थेट सायरोलानिडी वाटतात. पायांचे आकडेच खरे सांगतात, म्हणून फोटो काढताना पोटाकडचा एक तरी काढाच.

शेपटीही तितकीच महत्त्वाची. उदराचा शेवटचा खंड टेल्सनशी (शरीराच्या शेवटच्या टोकाशी) जुळून एक ढाल तयार होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना युरोपॉड (शेपटीकडचे पायासारखे अवयव) असतात. स्फेरोमॅटिडी कुळात युरोपॉडची आतली शाखा हलत नाही, ती बुंध्याशी जुळलेली असते. शिवाय उदराचे खंड एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांच्या शिवणी फक्त कडेला दिसतात. व्हाल्व्हिफेरा गटात युरोपॉड कपाटाच्या दोन दारांसारखे पोटाखाली मिटलेले असतात. पाठीवरून ते दिसतच नाहीत, मग लोक 'युरोपॉड नाही' असे लिहून ठेवतात. आणि एका बाजूचा युरोपॉड तुटलेला असू शकतो, तेव्हा दोन्ही बाजू तपासा.

नर, मादी आणि कात

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सायमोथोइडी आधी नर असतात, मग त्याच प्राण्याची मादी होते. एकाच कल्ल्यात एक मोठी, वाकडी मादी आणि शेजारी इवलासा, सरळ नर सापडला तर दोन जाती लिहू नका. मादीचा वाक उजवीकडे की डावीकडे, हेही जातीचे लक्षण नाही. ती कोणत्या बाजूच्या कल्ल्यात वाढली, यावर ते अवलंबून असते. कोळंबीच्या डोक्याची एक बाजू फुगलेली दिसली तर तो रोग नसून आत बोपिरिडी कुळातली मादी असण्याचा संभव मोठा. तिच्या उदरापाशी बारीकसा नर चिकटलेला असतो. मादी उचलताना तोच हमखास हरवतो. स्फेरोमॅटिडीच्या काही वंशांत नराच्या उदरावर मोठे शिंग असते, मादीला ते नसते.

आता कात. आयसोपॉड कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, नंतर पुढचा. मधल्या काळात प्राणी अर्धा गडद, अर्धा फिका आणि मागे थोडा रुंद दिसतो. चौथ्या आणि पाचव्या खंडांमध्ये ही सीमारेषा अगदी स्पष्ट असते. रंगावर विसंबू नका म्हणतात ते यासाठीच. शिवाय अल्कोहोलमध्ये रंग उडतो, तेव्हा प्राणी जिवंत असतानाच फोटो घ्या.

लाकडातले सगळे एक नव्हेत

खारफुटीच्या मुळांत गोल भोके करून राहणारा, हात लावला की चेंडू होणारा तो बहुधा स्फेरोमा टेरेब्रान्स. लाकूड त्याचे घर आहे, अन्न नव्हे. तो पाण्यातले कण गाळून खातो. लाकूड खरोखर खाणारा लिम्नोरिया जेमतेम काही मिलिमीटरचा, त्याचे बोगदेही तसेच बारीक. बोगद्याला आतून चुन्याचे अस्तर असेल तर तो आयसोपॉडच नाही, तो शिंपल्यांच्या वर्गातला जहाजकिडा. होडीच्या बुडाला आणि बंदराच्या खांबांना चिकटलेला स्फेरोमा वॉकेरी हा स्फेरोमा टेरेब्रान्सच्याच वंशातला, १९०५ साली श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून वर्णिलेला आणि जहाजांबरोबर जगभर गेलेला. या दोन स्फेरोमांत फरक करताना शेपटीच्या ढालीवरच्या गुठळ्या कशा मांडल्या आहेत ते पाहावे लागते, आणि त्यासाठी ढालीवरचा गाळ मऊ ब्रशने काढायलाच हवा. मुळे मात्र कापू नका, पडलेले लाकूड पुरते. चोडणच्या पक्षी अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच उचलायचे नाही.

एका खुणेवर नाव नको

बॅथिनोमस हे खोल समुद्रातले महाकाय आयसोपॉड. त्यांच्या शेपटीवरचे काटे मोजून जात ठरवायची सवय होती. मेक्सिकोच्या आखातातले काही नमुने त्यामुळे बॅथिनोमस जायगँटियस म्हणून गणले गेले, कारण काट्यांची संख्या जुळत होती. अंगाची ठेवण, शृंगिकांची लांबी आणि डीएनए एकत्र पाहिल्यावर २०२२ मध्ये बॅथिनोमस युकाटानेन्सिस ही वेगळी जात ठरली. तेव्हा निदान तीन स्वतंत्र लक्षणे जुळेपर्यंत वंशाच्या किंवा कुळाच्या नावावर थांबा. तारलीवर बाहेरून चिकटलेला दिसला तर 'नेरोसिला, जात अनिश्चित' ही नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

नोंदीत यजमान मासा, अंगावरची नेमकी जागा (तोंड, कल्ला की कातडी), ठिकाण, तारीख आणि भरती-ओहोटी लिहा. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.