केस पेपर घरी जातो: दवाखान्यात कौटुंबिक हिंसा हाताळायला शिकणाऱ्यांसाठी

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची कलमं पाठ असतात, कार्यशाळेचं प्रमाणपत्रही फायलीत असतं, तरी कॅज्युअल्टीत नवे डॉक्टर, सिस्टर आणि समुपदेशक घसरतात ते बहुधा केस पेपरवर. म्हणून तिथूनच सुरुवात.

सरकारी दवाखान्यात ओपीडीचा पेपर बाईबरोबर घरी जातो. औषधाच्या खिडकीवर तो अनेकदा नवऱ्याच्याच हातात असतो. त्यावर ‘नवऱ्याने मारले’ असं लिहिलंत, तर त्या रात्रीचा मार तुमच्या अक्षरामुळे पडू शकतो. घाबरून ‘पडून इजा’ एवढं ठोकलंत, तर पुढे कोर्टात समोरचा वकील तोच पेपर फडकवतो. म्हणून तिच्या हातातल्या पेपरवर जखम, उपचार आणि विभागाने ठरवलेली खूण एवढंच. खोटं कारण कधीच नाही. पूर्ण हकिगत एमएलसीत, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत, आणि दवाखान्याच्या ताब्यातल्या कागदांत.

तिथे मात्र हात आखडू नका. कुणी, कशाने, कधी, हे तिच्या शब्दांत लिहा. ‘दंडाला मार’ असं नाही. ‘डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूस 4 बाय 2 सेंमी निळसर वळ’ असं. जुने वण वेगळे लिहा. वळाच्या रंगावरून ‘तीन दिवसांपूर्वीचा’ असा छातीठोक निष्कर्ष काढू नका, तो टिकत नाही. ‘म्हणे’, ‘आरोप करते’ हे शब्द टाळा, ‘सांगते’ पुरतं. एमएलसी केली की पोलिसांना कळतं, हे तिला आधी सांगा. तिला जबाब द्यायचा नसेल तर तसं नोंदवा. उपचार थांबत नाहीत.

विचारायचं ते एकटीला. ‘घरी सगळं ठीक ना?’ याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘अशी जखम मारल्यानेही होते. तुम्हाला घरी कुणी मारतं का?’ असं सरळ विचारा. सासू हलत नसेल तर वजन किंवा लघवीच्या तपासणीचं निमित्त करून बाईला आत घ्या. भाषा कळत नसेल तर आयाबाईंपैकी कुणी मिळतंय का बघा, पण सोबतच्या नणंदेला किंवा लेकीला दुभाषी करू नका. ‘चुकून फिनेल प्यायले’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ ही वाक्यं ऐकून पुढच्या खाटेकडे वळू नका.

गळा दाबला होता का, हे वेगळं विचारा. मानेवर खूण नसली तरी आवाज घोगरा, गिळताना त्रास किंवा डोळ्यांत लाल ठिपके असतील, तर लगेच तपासणी करून देखरेखीखाली ठेवा. मार वाढत चाललाय, जिवे मारण्याची धमकी आहे, गरोदरपणात मारलंय, असं कळलं तर आज रात्री ती कुठे झोपणार हे ठरल्याशिवाय सोडू नका. पण ‘घर सोडा’ असं आपण होऊन सांगायचं नाही. घर सोडतानाच धोका सर्वांत जास्त असतो. आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट? ते दवाखान्याचं काम नव्हेच.

संरक्षण अधिकाऱ्याची (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला सरकारी अधिकारी) चिठ्ठी आणा म्हणून उपचार अडवणं नियमबाह्य आहे. कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे हिंसेची ठरावीक नमुन्यातली नोंद, झालेला नसेल, तर 2006 च्या नियमांनुसार तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणं ही दवाखान्याच्या प्रमुखाचीच जबाबदारी. वैद्यकीय अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. ती घरी न्यायची की इथेच ठेवायची, हे तिला विचारा.

हे सगळं एका दिवसात जमत नाही, आणि जमलं नाही म्हणून तुम्ही नालायकही ठरत नाही. स्लाइड दाखवणाऱ्यांपेक्षा रात्रपाळीच्या जुन्या सिस्टर जास्त शिकवतात. मुंबईत 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ विभाग सुरू झाला. असा विभाग जवळ असेल तर तिथे बसून बघा.

बहुतेक बायका पहिल्या खेपेला काही सांगत नाहीत. 181 या महिला हेल्पलाइनचं कार्ड बळेच हातात कोंबू नका, घरी पर्स तपासली जाते. नंबर तोंडपाठ करून घ्या आणि पुढची तारीख ड्रेसिंगची द्या. त्या कारणाने तिला घरातून निघता येतं.