करमर्यादेची पिटिशन: सह्या बाद करणाऱ्या या चुका टाळा

1978 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 13, म्हणजे पिटिशनवर लोकांच्या सह्या जमवून मतपत्रिकेवर आणलेला प्रस्ताव, मंजूर करून घरपट्टीचा मूळ दर 1 टक्क्यावर बांधून टाकला. तेव्हापासून अनेकांचा समज झालाय की लोक करांना वैतागलेले असले की झालंच काम. पण 2024 च्या जूनमध्ये नव्या करांना वेसण घालणारा एक प्रस्ताव, पुरेशा सह्या जमून पात्र ठरल्यानंतरही, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेवरून उतरवला. सह्यांच्या वाटेने घटनेत दुरुस्ती करता येते, तिचा ढाचा बदलता येत नाही, म्हणून. तेव्हा मसुदा आधी वकिलाला दाखवा, आणि एकाच प्रस्तावात सगळा राग कोंबू नका.

बाकीच्या चुका टेबलावर होतात. मिलपिटासमध्ये देशी किराणा दुकानाबाहेर आम्ही टेबल मांडलं होतं. मिलपिटास सांता क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), पण डाळ-तांदूळ न्यायला शेजारच्या फ्रीमाँटचीही माणसं येतात आणि फ्रीमाँट पडतं अ‍ॅलमेडा काउंटीत. पिटिशनचा प्रत्येक कागद एकाच काउंटीचा असतो. दुपारपर्यंत हे आमच्या ध्यानातच आलं नाही. गठ्ठे वेगळे ठेवा आणि पेन हातात देण्याआधी विचारा, "मतदार नोंदणी कुठली?"

आपल्या माणसांची भीड वेगळीच. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवाला ओळखीपोटी सही करतो; तो मतदार नाही, सही बाद. घर बदलून नोंदणी जुन्याच पत्त्यावर राहिली असेल तरी तेच. आणि हो, वहिनींचा पत्ता दादांनी भरायचा नाही! नाव-पत्ता ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा.

सगळ्यात महागात पडते ती दुबार सही. "मागच्या आठवड्यात केली बहुतेक, पण करतो परत," असं कोणी म्हणालं की कागद मागे घ्या. तपासणी आधी नमुन्यावर होते. 3 टक्क्यांच्या नमुन्यात एक दुबार सही सापडली तर न तपासलेल्या कागदांतही तशा अनेक असणार असं धरून हिशेबातून हजारभर सह्या वजा होतात.

घटनादुरुस्तीला मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या 8 टक्के सह्या लागतात, त्याही 180 दिवसांत. नेमक्या तेवढ्याच जमवून थांबू नका, बऱ्याच जास्त घ्या. कागदाखालचं सही गोळा करणाऱ्याचं निवेदन (त्यात सह्या कधी घेतल्या त्या तारखा असतात) त्याच दिवशी, तिथेच भरा. आमचे दोन कागद तारखा आठवत बसण्यात अडकले होते.