'इन्स्क्रिप्शन' खेळताना या चुका टाळा

'इन्स्क्रिप्शन' हा पत्त्यांचा कॉम्प्युटर गेम पहिल्यांदा उघडला की मेनूमधला 'न्यू गेम' पर्याय बंद असतो. चालतं ते फक्त 'कंटिन्यू'. एवढ्यावरून माझ्या मामेभावाने गेम काढून पुन्हा डाउनलोड केला, ग्राफिक्सचे ड्रायव्हर अपडेट केले आणि अख्खी संध्याकाळ त्यात घालवली. बिघाड कुठेच नव्हता. तो पर्याय मुद्दाम बंद ठेवलाय आणि तो सुरू करायची वस्तू गेममध्येच मिळते. कुठे, ते सांगणार नाही. तो क्षण ज्याचा त्यानेच अनुभवावा.

डॅनियल मलिन्सचा हा गेम ऑक्टोबर 2021 मध्ये आला. त्याचं मूळ 2018 च्या 'लुडम डेअर' या गेम-जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या विषयावर थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात आहे. तेव्हाचा विषय होता 'बळी द्यावेच लागतात', आणि आजही गेमचा कणा तोच आहे. नवे खेळाडू अडकतात तेही बहुतेक इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टेबलावरून न उठणं. अंधारी खोपटी, समोर काळोखात चमकणारे दोन डोळे आणि पुढ्यात पत्ते. माणूस खेळतच राहतो, हरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. लढाई संपली की उठा. खोलीत तिजोरी आहे, घड्याळ आहे, कुलूपबंद कपाट आहे. तिजोरीचा आकडा अंदाजाने फिरवत बसू नका, टेबलावरचं नियमांचं पुस्तक पानन् पान चाळा. तुमच्या डेकमधलं, म्हणजे पत्त्यांच्या गड्डीतलं, स्टोट या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याचं कार्ड बोलतं, त्याचं बोलणं कंटाळून पुढे ढकलू नका. त्यात खरोखरच्या सूचना असतात.

दुसरी चूक मीही केली. पिंजऱ्यातल्या लांडग्याचं कार्ड मिळालं आणि मी ते जिवापाड जपलं. दोन रन, म्हणजे पहिल्यापासूनचे दोन डाव, झाल्या तरी खोलीत काहीच बदलेना. ते कार्ड लढाईत मरायला हवं. त्याचा बळी द्या किंवा शत्रूकडून मारू द्या, मग उठून खोली पुन्हा बघा.

आता पत्त्यांचं. दर वेळी मुख्य डेकमधूनच कार्ड उचललं तर हातात नुसती महागडी जनावरं साठतात आणि ती मांडण्यासाठी बळी जाऊन रक्त द्यायला कोणीच नसतं. वेगळ्या गड्डीतल्या खारी फुकट आहेत, त्या वेळेवर उचला. डेक फुगवूही नका. दगडी वेदीवर एका कार्डाचं चिन्ह, म्हणजे त्याची खास शक्ती, दुसऱ्याला देता येतं, त्यात नको असलेलं कार्डही कमी होतं. शेकोटीपाशी मात्र हाव आवरा. पहिल्यांदा ताकद वाढवणं सुरक्षित, त्यानंतर तिथली उपाशी माणसं तुमचं कार्ड खाऊ शकतात. चांगलं कार्ड असं गेलं की फार जीव हळहळतो.

प्रत्येक घाव टेबलावरच्या तराजूत दातांच्या वजनाने मोजला जातो आणि त्यात 5 चा फरक पडला की लढाई संपते, हे डोक्यात ठेवा. एक-दोन दातांनी अडलं असेल तर पक्कड वापरा. स्वतःचा दात उपटायला अंगावर काटा येतो, पण त्या वजनाने लढाई जिंकता येते.

बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूपाशी, घाई नडते. पहिल्या बॉसची पहिली मेणबत्ती, म्हणजे त्याचा एक जीव, विझताच तो कुदळ उगारतो आणि तुमच्या बाजूची सगळी जनावरं सोन्याचे गोळे होतात. म्हणून ती मेणबत्ती विझवणारा घाव घालताना उत्तम कार्डं हातातच राहू द्या. मासेमार बॉस गळ टाकतो तो तुम्ही सर्वांत शेवटी मांडलेल्या कार्डावर. चांगलं जनावर आधी मांडा, शेवटी एक खार.

हरायला घाबरू नका. तुमच्या दोन्ही मेणबत्त्या विझल्या की तुमच्याच पत्त्यांच्या तुकड्यांतून नवं कार्ड बनतं, आणि ते पुढच्या रनमध्ये हाती लागू शकतं. स्वस्त किंमत आणि जबर चिन्ह यांची जोडी जमली तर अख्खी रन सोपी होते.

पुढे गेम स्वतःचं रूपच बदलतो. बटबटीत पिक्सेल दिसले, मध्येच कॅमेऱ्यावरचं चित्रण सुरू झालं, तर खिडकी बंद करू नका आणि सेव्ह पुसू नका. नंतरच्या एका लढाईत तर तो तुमच्या कॉम्प्युटरमधली खरी फाइल निवडायला सांगतो आणि धमकी देतो की तिचं कार्ड मेलं तर फाइलही जाईल. फाइल जात नाही. तरीही धाकधूक होत असेल तर लग्नाच्या फोटोंऐवजी एखादा जुना डाउनलोड निवडा आणि लढाई पूर्ण खेळा.