मढ ते चौक सायकलने: तिथी बघा, वारा बघा, मग निघा

मुंबईत रोड बाईक घेतलेल्या माणसाला पहिले सहा महिने हायवेच पुरतो, मग कधीतरी ट्रकच्या धुराचा कंटाळा येतो आणि तो विचारायला लागतो की समुद्राच्या कडेने शांतपणे चालवता येईल असं काही आहे का. आहे. मढपासून मार्वेपर्यंतचा रस्ता, मग खाडी ओलांडून मनोरी, गोराई, उत्तन आणि अगदी टोकाला चौक नावाचं गाव. खाडीपलीकडच्या ह्या सगळ्या भागाला जुनी माणसं धारावी बेट म्हणतात (सायनजवळची धारावी वेगळी). माड, तिवरं, चर्च, कोळीवाडे, भाजीचे मळे, आणि मधेच वळण घेतलं की समोर समुद्र. मनोरी जेट्टी ते चौक आणि परत असं तीसेक किलोमीटर होतं, वर्सोव्याहून मढमार्गे आलात तर पन्नासच्या आसपास.

आता रूट मॅपवर कोणीही बघू शकतो, माझं म्हणणं आहे की हा रूट नीट करायचा तर आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. खरंच सांगतोय. इथे फेरी लागते, फेरीला पाणी लागतं, आणि पाणी तिथीवर चालतं. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी, आणि त्याच्या सहा तास आधी, ज्या वेळेला आपण जेट्टीवर पोचतो नेमकं तेव्हा, खोल ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण सायकलवाल्याला एवढं पुरतं. मी शक्यतो षष्ठी ते दशमीच्या मधला रविवार धरतो. पाणी वर असतं, बोट जेट्टीला वरच लागते, सायकल उचलून दोन पावलं टाकली की आत.

उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवशी सकाळी गेलात तर जेट्टीचा तोच उतार लांबच लांब उघडा पडलेला असतो, खालचा भाग हिरवागार शेवाळाचा. मी एकदा क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून तिथून उतरलो, उजवा पाय सरकला, सायकल हातातून सुटू नये म्हणून धरून ठेवली आणि कोपरावर आपटलो. तेव्हापासून जर्सीच्या मागच्या खिशात साध्या रबरी चपला घडी करून नेतो. जेट्टीच्या आधी बूट काढायचे, पलीकडे गेल्यावर घालायचे, दोन मिनिटांचं काम आहे.

फेरीबद्दल अजून एक. बोटीत माणसं, स्कूटर, मोटरसायकली, मासळीच्या पाट्या सगळं एकत्र असतं. सायकल उभी करताना चेनची बाजू कठड्याकडे ठेवा, गाड्यांकडे नको. माझ्या सायकलवर बाजूची स्कूटर हलकीशी टेकली होती, काही लागल्यासारखं वाटलं पण नाही, आणि पलीकडे जाऊन सगळ्यात हलका गिअर टाकला तर मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) थेट स्पोकला घासायला लागला. तो जिथे बसवलेला असतो तो हँगर वाकला होता. त्या दिवशी दोनच गिअर वापरून घरी आलो. बोट चालू असताना सायकल सोडून फोटो काढत फिरू नका, हात सीटवरच असू दे.

आता वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे पायाला कळतात. रात्रभर जमीन थंड झालेली असते म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे, मंद असा. मग ऊन चढतं, जमीन लवकर तापते, आणि साधारण दहा-अकरानंतर समुद्रावरून वारा सुरू होतो, हिवाळ्या-उन्हाळ्यात तो बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो आणि दुपारपर्यंत चांगलाच जोर धरतो. आपला रस्ता दक्षिण-उत्तर. म्हणून सुरुवात दक्षिणेकडून करायची. सकाळी मार्वेहून उत्तरेला चौकपर्यंत जायचं, वारा जवळजवळ नसतोच, आणि परत येताना तोच खारा वारा उजव्या खांद्याच्या मागून ढकलतो. भाईंदरहून सुरू करणारे बरेच जण ह्याच्या उलट करतात, जाताना मजेत जातात आणि घरी परतताना, पाय दमलेले असताना, वारा डाव्या गालावर. भाईंदरकडेच राहत असाल तर इलाज नाही, पण मग नऊच्या आत परत फिरा.

पोचायचं कसं तर सगळ्यात सुंदर म्हणजे वर्सोव्याहून. वर्सोवा जेट्टीवरून छोटी फेरी मढला सोडते, तिथून एरंगळ, आक्सा, मार्वे असा रस्ता. मढचा किल्ला हवाई दलाकडे आहे, आत जाता येत नाही, तिथे वेळ घालवू नका. एरंगळला समुद्राला लागून सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे, १५७५ सालचं, सकाळच्या उन्हात त्याची पांढरी भिंत बघायला दोन मिनिटं थांबाच. फक्त जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा असते, त्या दिवशी हा रूट सोडा, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मार्वेजवळ नौदलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. आणि आक्साला घाम आला म्हणून पाण्यात उतरायचा मोह होतो, तो टाळा, तिथल्या ओढीने दरवर्षी माणसं जातात. वर्सोवा लांब पडत असेल तर मेट्रो २अ आणि ७ मध्ये सायकल नेता येते, मालाड पश्चिमला उतरून मार्वे रोड पकडा, लवकर असेल तर तो रस्ता पण रिकामा मिळतो.

मनोरीत उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर अजिबात पळवू नका. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला घरं, कोंबड्या, शाळेत निघालेली पोरं, आंधळी वळणं. गाव संपलं की मळे लागतात आणि रस्ता मोकळा होतो, उजव्या हाताला लांबवर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दिसायला लागतो, तो बराच वेळ सोबत राहतो. गोराईनंतर चढ आहेत, फार मोठे नाहीत पण सलग येतात, मोठ्या गिअरमध्ये जोर लावत बसण्यापेक्षा आधीच हलका टाकून पाय फिरते ठेवा. उतारावर मात्र ब्रेकवर बोटं हवीत कारण वळणाच्या आत वाळू साचलेली असते. रोड बाईकचा बारीक टायर ओल्या रस्त्यापेक्षा कोरड्या वाळूवर जास्त घसरतो. वळण घेताना ब्रेक नाही, वळणाच्या आधी.

टायरवरूनच सांगतो, इथे २८ एमएम घाला. २५ ने पण होतं पण गावातले पॅच आणि स्पीडब्रेकर मोजून हात दुखतात. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला मागच्या चाकात ८० पीएसआय हवा, पुढे पाच कमी, बस झालं. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप जवळ ठेवाच कारण रोड बाईकची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळणार नाही.

उत्तनला आलात की आधी वास येतो. पावसाळा संपला की मे पर्यंत इथे बोंबील सुकत घातलेले असतात, बांबूंवर आडव्या दोऱ्या आणि दोरीवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, ओळीच्या ओळी, आणि मागे समुद्र. जवळ जाऊन बघा, कशी पटापट बोटं चालतात त्या बायकांची, एक जबडा उघडला की दुसरा त्यात, नजर पण नसते तिकडे. जवळा (बारीक कोळंबी) मात्र जमिनीवर पसरतात, कधी कधी अगदी रस्त्याच्या कडेला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरून टेम्पो आला म्हणून कडेला दाबलं, चाक जवळ्याला लागता लागता राहिलं. एक मावशी उठून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाबा, हातात धरून ने ना, वाळू उडते त्याच्यावर. मग कोण घेणार?" त्यांचं अख्ख्या दिवसाचं काम तिथे उन्हात पडलेलं होतं. तेव्हापासून जिथे मासळी पसरलेली दिसेल तिथे मी उतरून चालतो, आणि माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला उतरवतो. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात.

चौकला रस्ता संपतो. वर धारावी किल्ल्याच्या खुणा आहेत, समोर खाडीचं मुख आणि पलीकडे वसई. चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत ही जागा का महत्त्वाची होती ते इथे उभं राहिलं की पुस्तक न वाचता समजतं, वसईला समुद्रातून जे काही जाणार ते इथूनच दिसणार. मे १७३९ मध्ये वसई पडली. पाण्याची बाटली घेऊन तिथे पंधरा मिनिटं नुसतं बसा.

खायचं म्हणाल तर उत्तनच्या नाक्यावर चहा आणि ऑम्लेट-पाव, उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे. महागड्या पावडरीपेक्षा घरून एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर न्या, दुसरीत साधं पाणी. मार्चनंतर ऊन आणि दमटपणा एकत्र असतो, दोन बाटल्यांत भागणार नाही, वाटेत भरून घ्या. रविवारी सकाळी चर्च सुटायच्या वेळेला रस्त्यावर सगळं गाव असतं, नव्या कपड्यातली लहान मुलं, म्हातारी माणसं, तेव्हा घंटी वाजवत घुसू नका, हळू चला.

पावसाळ्यात? जून-जुलै मी जात नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, ते बघायला छान वाटतं, पण वारा नैऋत्येचा म्हणजे परतीच्या वाटेवर तोंडावर, आणि समुद्र खवळला की फेरीचा भरवसा नाही. नारळी पौर्णिमा होऊन गेली, पाऊस ओसरला, की ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू.

आणि घरी आल्यावर आधी सायकलची आंघोळ, मग आपली. खारी हवा बोल्ट आणि स्पोकच्या निपलवर बसते, दोन दिवस तशीच ठेवली तर पांढरे-तांबडे ठिपके दिसायला लागतात. जोरात पाईप मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. बादलीभर गोडं पाणी, थोडा भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, चेनच्या प्रत्येक कडीवरून. मग जुन्या बनियनने पुसून उन्हात अर्धा तास, आणि चेन पूर्ण कोरडी झाल्यावरच कडी-कडीला एक थेंब तेल, पेडल उलटं वीसेक वेळा फिरवा आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाका, नाहीतर पुढच्या वेळी मनोरीची सगळी वाळू त्यालाच चिकटते.