मुलांचे डोळे घरी कसे तपासावेत, आणि डोळ्याला इजा झाली तर आधी काय करावं

मुलाला एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर ते घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा डोळा सगळं निभावून नेतो. पोरगं पळतं, सायकल चालवतं, मोबाइलवरची बारीक चित्रंही बघतं आणि तक्रार करत नाही, कारण त्याला वेगळं कसं दिसतं हे माहीतच नसतं. दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर असला तर फळ्यावरचं दिसत नाही, बाई घरी निरोप पाठवतात आणि चश्मा लागतो. एकाच डोळ्याचा दोष असला की यातलं काहीच घडत नाही. दरम्यान त्या डोळ्याकडून येणारं धूसर चित्र मेंदू बाजूला टाकायला लागतो. याला आळशी डोळा म्हणतात. शंभरात दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. सात-आठ वर्षांच्या आत ओळखला तर उपचार चांगला लागू पडतो, पुढे तो अवघड होत जातो.

म्हणून तपासायचं ते एकेक डोळा वेगळा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या सुट्टीत एक सकाळ यासाठी काढा.

बाळ अजून बोलत नसेल तर

बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा जन्माचं वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फार लवकर जन्मलेल्या, फार लहान बाळांची त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांत. हे दिवस जन्मापासून मोजायचे, दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यापासून नव्हे. बाळ पेटीत असतानाच डॉक्टरांना विचारा, कारण हा पडद्याचा आजार बाहेरून अजिबात दिसत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळानं तीन महिन्यांपर्यंत आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला आणि हलत्या वस्तूमागे नजर फिरवायला हवी. चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा जात असेल तर दाखवून घ्या. तिरळेपणा शुभ असतो, मोठेपणी जातो, असं सांगणारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकण्यात दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. डोळ्याच्या मधली काळी बाहुली पांढरी दिसत असेल किंवा फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक येत असेल, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा पडद्याचा कर्करोग, आणि दोन्हींत उशीर महाग पडतो.

वर्ष-दोन वर्षांच्या मुलासाठी एक साधी युक्ती आहे. ते आवडीचं काही बघत असताना आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एक झाकल्यावर काहीच वाटत नाही पण दुसरा झाकला की रडतं, हात झटकतं, असं दर वेळी होत असेल तर उघडा राहिलेला डोळा कमजोर असण्याची शक्यता आहे.

तीन वर्षांनंतरची घरची तपासणी

इंग्रजी ई हे अक्षर पांढऱ्या कागदावर गडद काळ्या शाईत छापून घ्या. उंची आणि रुंदी सारखी हवी. तीन आडव्या दांड्या आणि मधल्या दोन फटी एकाच जाडीच्या हव्यात. सहा वर्षांखालच्या मुलासाठी ९ मिलिमीटरचं अक्षर तीन मीटरवरून दाखवायचं, मोठ्या मुलासाठी १३ मिलिमीटरचं अक्षर सहा मीटरवरून, म्हणजे साधारण वीस फुटांवरून. छापल्यावर पट्टीनं मोजून बघा, प्रिंटर परस्पर आकार बदलतो. अंतरही टेपनं मोजा, पावलांनी नको.

आधी जवळून दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळ शिकवा: अक्षराची बोटं जिकडे, तिकडे आपलीही बोटं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वाचता येण्याची गरज नाही, बालवाडीतली मुलंही हे मजेत करतात. मग कागदावर भरपूर उजेड पडेल असं बघून मुलाला अंतरावर बसवा आणि एक डोळा झाका. इथेच बहुतेकांची फसगत होते. हातानं झाकलं तर पोरं बोटांच्या फटीतून बघतात, त्यांना जिंकायचं असतं. कागदी कप धरा, किंवा कापूस ठेवून वर चिकटपट्टी लावा. डोळ्यावर दाब देऊ नका, नाहीतर त्याच डोळ्याची पाळी आल्यावर काही वेळ धूसर दिसतं.

प्रत्येक डोळ्याला पाच वेळा, दिशा बदलत विचारा. चार बरोबर आली तर ठीक. नाही आली तर दुसऱ्या दिवशी, मूल ताजंतवानं असताना पुन्हा करा, आणि तरीही नाही जमलं तर डॉक्टर. एका डोळ्यानं झटपट आणि दुसऱ्यानं चाचपडत, असं झालं तर उत्तरं बरोबर असली तरी मी डॉक्टरांना दाखवायलाच सांगेन. जवळच्या कामाचा ताण देणारे काही नंबर या खेळात सापडत नाहीत. त्यामुळे पास झालेलं मूल वाचताना डोकं दुखतं म्हणत असेल, मान वाकडी करून बघत असेल किंवा टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसत असेल, तर कागदापेक्षा मुलावर विश्वास ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं, आणि डोळेही बघतं. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर बाईंना पुढची तारीख विचारा. पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली असेल तर ती दप्तराच्या तळाशी राहू देऊ नका. खासगी शाळांतल्या पालकांनी मात्र आपलं आपणच बघायचं.

नंबर काढायला जाताना

लहान मुलाचा नंबर चश्म्याच्या दुकानातल्या मशीनवर काढून तेवढ्यावर थांबू नका. मुलं डोळ्यांवर ताण देऊन बघतात आणि मशीन चुकीचा वजा नंबर दाखवतं. नेत्रतज्ज्ञ औषध घालून बाहुली मोठी करतात, मग नंबर काढतात. अ‍ॅट्रोपिनचं मलम घरी तीन दिवस लावायला दिलं तर परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. ही नजर गेल्याची खूण नाही. परीक्षेच्या तोंडावर मात्र हे करू नका, आणि बाहेर नेताना टोपी घाला. मलम लावल्यावर ताप, चेहरा लालबुंद किंवा फार चिडचिड झाली तर ते थांबवून डॉक्टरांना विचारा.

आळशी डोळ्यासाठी पट्टी चांगल्या डोळ्यावर लावतात, तीही थेट त्वचेवर. चश्म्याच्या काचेवर लावली तर मूल बाजूनं बघतं आणि सगळं वाया जातं. रोज किती तास ते डॉक्टर ठरवतात, मध्यम दोषाला बऱ्याचदा दोन तास पुरतात. नागपूरच्या मे महिन्यात घामानं पट्टी सुटते, म्हणून ते दोन तास कूलरसमोर रंगवण्यात किंवा मणी ओवण्यात घालवा.

लांबचं धूसर दिसण्याचा म्हणजे वजा नंबर लागू नये म्हणून रोज दोनेक तास दिवसाच्या उजेडात मैदानी खेळ हवा. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. अ जीवनसत्त्वाचे डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत चुकवू नका.

इजा झाली तर: पाणी कधी, कधी नाही

एवढं एक घरातल्या आजीपासून सगळ्यांना पाठ हवं. डोळ्यात रसायन गेलं तर लगेच पाणी. डोळा कापला किंवा त्यात काही रुतलं तर पाण्याचा थेंबही नाही.

आपल्याकडच्या रसायनांत मला सर्वांत भीती वाटते ती चुन्याच्या पुडीची. खर्रा, म्हणजे चुना घातलेली तंबाखू-सुपारी, खाणारं कुणीतरी घरात, शेजारी किंवा कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर असतंच. ती छोटी पुडी खाली पडते, पोरगं उचलून दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना अल्कली आहे. आम्ल बहुधा वरवर भाजून थांबतं, चुना आत आत शिरत राहतो, आणि त्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून जाळत राहतात. अशा वेळी डॉक्टर शोधण्यात पहिली मिनिटं घालवू नका. मुलाला चादरीत हातांसकट गुंडाळा, नळाखाली आडवं धरा आणि इजा झालेला डोळा खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरून सतत धार सोडा, निदान अर्धा तास. मूल किंचाळेल, तरी थांबायचं नाही. पांढरे कण दिसले तर ओल्या कापसानं टिपून घ्या. बोअरचं पाणी चालेल, मिळेल ते स्वच्छ पाणी चालेल. लिंबू, दूध, तूप, गुलाबपाणी यातलं काही नको. धुऊन झाल्यावर लगेच दवाखाना गाठा, पुडीही बरोबर न्या. डोळा लाल न होता पांढराफटक दिसत असेल तर बरं आहे असं समजू नका, ते खोल भाजल्याचं लक्षण असतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड, फिनाइल, धुळवडीचा रंग, सगळ्याला हीच रीत.

कापणं-रुतणं यात नेमकं उलट. संक्रांतीचा मांजा, दसऱ्याच्या दिवसांत खराट्याच्या काड्यांचे धनुष्यबाण, पेन्सिल, कात्री. धुऊ नका, पुसू नका, रुतलेलं काढू नका, थेंब-मलम घालू नका. कागदी कपाचा तळाचा भाग कापून घ्या आणि तो डोळ्यावर असा चिकटवा की कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकतील आणि डोळ्याला काहीही लागणार नाही. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. लसीकरणाचं कार्ड घ्या आणि निघा. बाहुलीचा आकार गोल न राहता टोकदार झाला असेल तर डोळा फाटलेला असू शकतो. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते, गाडी नसेल तर १०८ ची रुग्णवाहिका.

चेंडूचा किंवा विटीचा मार लागला तर थोड्या वेळानं मूल पुन्हा खेळायला लागतं. तरीही त्याच दिवशी दाखवा. बुबुळासमोर रक्ताची पातळी दिसली तर डोकं उंचावर ठेवून न्या, दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. मार लागल्यावर मूल ओकत असेल आणि डोळा वर फिरत नसेल, तर डोळ्याखालच्या फुटलेल्या हाडात स्नायू अडकलेला असू शकतो. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

फटाक्याचा मार रसायनात आणि कापण्यात दोन्हीकडे बसतो. डोळा फाटलेला दिसत असेल तर फाटलेल्याचा नियम आधी.

शेतातली इजा किरकोळ वाटते. पऱ्हाटीचं टोक किंवा धानाचं कूस लागलं, डोळा चुरचुरला, औषधाच्या दुकानातून थेंब आणले. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशी फोफावते. झाडपाल्याची इजा झाल्यावर डोळा दोन दिवसांत निवळला नाही किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर थेंब बंद करून नेत्रतज्ज्ञाकडे जा.

जखम भरली, टाके निघाले की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण सात-आठ वर्षांखालच्या मुलाचा डोळा काही आठवडे बँडेजखाली राहिला, किंवा बुबुळावर डाग राहिला, तर तोच डोळा नंतर आळशी होऊ शकतो. शेवटच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आता पट्टी लागेल का, आणि नजर पुन्हा कधी मोजायची? इजा झालेल्या डोळ्याची नजर कायमची कमी राहिली असेल, तर दुसऱ्या डोळ्याला नंबर नसला तरी सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चश्मा करून घ्या आणि तो खेळतानाही घालायला लावा.