क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीला मुलं नेताना: सोलापूरच्या पालकांसाठी

क्रॉस-कंट्रीची, म्हणजे माळरानावरून धावायची, शर्यत लहान गटात सात-आठ मिनिटांत, मोठ्या गटात फार तर अर्ध्या तासात संपते. घरच्यांचे मात्र तीन दिवस त्यात जातात. मुलाचा वेग सरावात ठरलेला असतो आणि त्याची काळजी सर घेतात. झोप, पोट, पाणी, कागद आणि वेळ एवढं घरच्यांनी सांभाळायचं असतं. शर्यत बिघडली तर बहुतेक वेळा या पाचांतलंच काहीतरी चुकलेलं सापडतं.

सुरुवात स्पर्धेच्या परिपत्रकापासून करा. ते व्हॉट्सॲपवर आलं की दुसरा पालक सांगेल म्हणून सोडू नका, स्वतः वाचा. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असतात. ॲथलेटिक्स संघटनेच्या क्रॉस-कंट्रीत १६, १८ आणि २० वर्षांखालील गट असतात. १६ खालच्यांना २ किलोमीटर, १८ खालच्या मुलांना ६ आणि मुलींना ४, २० खालच्या मुलांना ८ आणि मुलींना ६ किलोमीटर हे नेहमीचं अंतर. त्यामुळे शाळेत १७ खाली पळणारा सोळा वर्षांचा मुलगा संघटनेच्या स्पर्धेत थेट ६ किलोमीटरला उभा राहतो. हे आधी लक्षात आलं तर दोन महिने सराव बदलता येतो. आदल्या आठवड्यात लक्षात आलं तर त्या वर्षी लहान अंतराचीच दुसरी शर्यत शोधा. वय कोणत्या तारखेला मोजायचं हेही परिपत्रकातच असतं.

कागदांत जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड आणि दोन फोटो ठेवा. मूळ प्रती आणि प्रत्येकी दोन झेरॉक्स प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. दाखल्यावर वडिलांचं नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. ते आदल्या रात्री दुरुस्त होत नाही, म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच ताडून पाहा.

प्रवासात झोप वाचवायची. रविवारी सकाळी सातला पुण्यात शर्यत असेल तर शनिवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची वाटते, पण ती मध्यरात्रीनंतर पुण्यात उतरवते. मुलाची झोप मोडते आणि उरलेली रात्र फलाटावर जाते. पहाटेची हुतात्मा शर्यतीच्या दिवशी धरली तर शर्यत संपल्यावर पोहोचाल. शनिवारी दुपारची इंद्रायणी घेतली की संध्याकाळी पुण्यात, जेवून साडेनऊला अंथरुणात. स्पर्धा बालेवाडीच्या क्रीडा संकुलात असेल तर मुक्काम त्याच बाजूला करा, कारण पुणे स्टेशनपासून ते लांब आहे आणि पहाटे साडेचारला रिक्षा शोधत बसावं लागतं. खाजगी गाडीने जायचं तर चालकाने आदल्या रात्री झोपलेलं असलं पाहिजे. परतीला दमलेला बाप पुन्हा अडीचशे किलोमीटर गाडी हाकतोय, ही व्यवस्था चांगली नाही. दोन पालकांनी आळीपाळीने चालवावी.

शर्यतीआधीची खरी झोप शुक्रवारची. शनिवारी रात्री मुलांना नीट झोप लागत नाही. त्याचं दडपण घेऊ नका आणि “झोप रे, उद्या पळायचंय” असं दर अर्ध्या तासाने म्हणू नका.

पोटाबाबत आपल्याकडे एक गोड अडचण आहे. प्रवासाचा डबा म्हटलं की कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे आलेच. टिकायला उत्तम, पण शर्यतीच्या आदल्या रात्री यातलं काही नको. ज्वारीतला चोथा, चटणीतलं तेल आणि तिखट सकाळपर्यंत पोटात राहतं, आणि दुसऱ्या किलोमीटरला पोटात कळ येते. शनिवारी रात्री वरण-भात, बटाट्याची फिकी भाजी, दही, पोळी. सकाळी, शर्यतीआधी अडीच ते तीन तास, कमी तेलाचे, शेंगदाणे न घातलेले पोहे, नाहीतर दोन-तीन ब्रेड-जॅम आणि एक केळं. दूध ज्याला सोसतं त्यालाच द्या. साबुदाण्याची खिचडी टाळा, त्यातलं तूप आणि शेंगदाण्याचा कूट जड पडतो. हे खाणं सरावाच्या दिवशी दोन-तीनदा देऊन पाहिलेलं असावं. कडक भाकरी आणि चटणी बॅगेत जरूर असू द्या, परतीच्या गाडीत त्यांच्यासारखं काही नाही. शेंगापोळीही परतीसाठीच.

पिशवी मुलानेच भरायची, तुम्ही फक्त यादी वाचायची: क्लबचा बनियन आणि शॉर्ट, मोज्यांचे दोन जोड, सरावाचे बूट, स्पाइक्स (तळव्याला खिळे असलेले शर्यतीचे बूट), जास्तीचे खिळे आणि ते बसवायची चावी, आठ सेफ्टी पिना, कोरडा टी-शर्ट, टॉवेल, टोपी, पाण्याची बाटली. नवे बूट, नवे मोजे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. एक सोलापुरी चादर बसायला आणि एक अंगावर घ्यायला ठेवा, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे माळरानावर बरंच गार असतं. मुलींच्या पिशवीत पॅड आणि गडद रंगाची जास्तीची शॉर्ट असावी. ज्या मावशीशी मुली मोकळेपणाने बोलतात अशी एकजण संघासोबत असलीच पाहिजे. हे सरांवर सोडायचं काम नाही.

खिळ्यांचं गणित जमिनीवर असतं. कठीण मुरूम असेल तर स्पाइक्स नकोतच. खिळा आत जात नाही आणि प्रत्येक पावलाचा दणका नडगीला बसतो, तिथे साधे पळायचे बूट बरे. सुक्या गवताला ९ मिलिमीटरचे खिळे पुरतात, ओल्या काळ्या मातीला १२ चे. काळी माती तळव्याला थराथराने चिकटते आणि बूट जड होतो. तळव्याच्या प्लेटवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला तर ती थोडी कमी धरते. खिळे हाताने घट्ट करून मग चावीने पाव फेरा द्या. ढिला खिळा शर्यतीत पडतो, आणि फार आवळला तर माती-गंजाने अडकून पुढच्या वेळी निघत नाही.

शनिवारी संध्याकाळी, नाहीतर रविवारी उजाडताच, मार्ग चालून पाहा. फेरी साधारण दीड-दोन किलोमीटरची असते. मुलाला चार गोष्टी बघायला सांगा: पहिलं वळण सुरुवातीपासून किती लांब आहे, वाट कुठे चिंचोळी होते, चढ कुठे संपतो आणि शेवटच्या वळणापासून शर्यत संपायची रेघ किती दूर आहे. पहिलं वळण शंभर-दीडशे मीटरवर असेल तर तिथे कोंडी होते आणि आतल्या बाजूला अडकलेला मुलगा थांबतोच. आपल्या भागातल्या मैदानांवर आणखी एक पाहावं लागतं, ते म्हणजे सराटे आणि बाभळीचे काटे. चालून आल्यावर बूट उलटे करून तळवा पाहा. सराट्याचं बोंड सहज दिसतं. बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि वरून काळा ठिपका तेवढा दिसतो. तो चिमट्याने ओढून काढला नाही तर पळताना पावलागणिक आत सरकतो. चिमटा क्लबच्या पेटीत ठेवाच.

सातची शर्यत असेल तर वेळ अशी धरा. चारला उठणं, सव्वाचारला खाणं, साडेपाचला मैदान, लगेच शौचालय, कारण नंतर रांग लागते. पाच पन्नासला नंबर लावणं: बनियन अंगात घालूनच चारही कोपऱ्यांना पिना लावा, म्हणजे कापड ताणून नंबर फाटत नाही. सहाला बारा मिनिटं हळू पळणं, मग हालचालींचे व्यायाम, मग ऐंशी-ऐंशी मीटरचे चार वेगवान तुकडे. साडेसहाला कॉल रूम, म्हणजे शर्यतीआधी धावपटूंना बोलावतात ती जागा. तिथली हजेरी चुकली तर धावू देत नाहीत, म्हणून एका पालकाने फक्त घड्याळ पाहायचं. तो फोटो काढत नाही, कुणाचं सामान सांभाळत नाही.

शर्यत सुरू झाल्यावर मुलासोबत कडेने पळू नका. बाहेरच्याने वेग धरून देणं नियमाने मदत ठरतं आणि त्यात धावपटू बाद होऊ शकतो. हातात पाणी देणंही तसंच, आणि एवढ्या अंतरात त्याची गरजही नसते. रेघेजवळ गर्दी असतेच. तुम्ही चढाच्या शेवटी किंवा मागच्या निर्जन बाजूला उभे राहा, मुलं तिथेच ढेपाळतात. तिथे एकच वाक्य बोला, आणि ते सरांनी ठरवून दिलेलं असावं. “पुढचा गाठ” हे पहिल्या फेरीत ओरडू नका. पहिले चारशे मीटर उगाच जोरात गेल्याने जितक्या शर्यती हातच्या जातात तितक्या दमाच्या कमतरतेने जात नाहीत. सांघिक गुणांत सहसा सहाजण उतरतात आणि पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज धरतात, कमी बेरीज जिंकते. म्हणून चाळिसाव्या क्रमांकावरच्या चौथ्या मुलाने ओलांडलेला एकेक जण संघाला पहिल्याइतकाच उपयोगी असतो. त्याच्यासाठीही कुणीतरी उभं हवं.

रेघ ओलांडल्यावर मुलाला बसू देऊ नका, पाच-सात मिनिटं चालवा, घामेजलेला बनियन बदला. अर्ध्या तासात केळं आणि दूध किंवा शेंगदाण्याचा लाडू. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं, ग्लासात नाही. घट्ट केलेल्या पाण्याने मळमळतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. निकालात चूक दिसली तर अधिकृत निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत पंचप्रमुखांकडे तोंडी हरकत घ्यावी लागते, ती शांतपणे सरांनी घ्यावी.

फेब्रुवारी उजाडला की सोलापुरात दहानंतरचं ऊन धोक्याचं होतं. मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या देऊ लागलं तर ते दमलं म्हणून सोडू नका. सावलीत न्या, अंगावर सतत पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फाचे ओले टॉवेल लावा, वारा घाला आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

बारा मुलांच्या संघाला एका सकाळी वीस लिटरचे दोन जार, तीन डझन केळी, ओआरएसची सहा मोठी पाकिटं आणि पाच किलो बर्फ पुरतो. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा जार कोण आणि कधी भरणार हे गुरुवारीच ठरवा. सर्दी-खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत येतात. जिममधल्या पावडरींनाही हात लावू नये. खर्चाचा हिशेब ग्रुपवर त्याच रात्री टाका. ज्या घराला वर्गणी झेपत नाही त्याचा वाटा सरांनी परस्पर फंडातून घालावा, नाव कुठेही येऊ न देता.

घरी आल्यावर स्पाइक्समधले खिळे काढून, माती ब्रशने झाडून, बूट सावलीत वाळवा. ओले खिळे तसेच राहिले तर आठवड्यात गंजून बसतात. सोमवारी शाळा आहे, मंगळवारी फक्त हलकं पळणं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असेल तर होम मैदान आणि आसपासचे रस्ते धरता येत नाहीत, त्या दिवसांचा सराव विजापूर रोडकडे हलवायचा असेल तर मुलांना कोण सोडणार हे याच रविवारच्या परतीच्या गाडीत वाटून घ्या.