किराणा दुकानासाठी बिलिंग आणि स्टॉकचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

बिलिंग सॉफ्टवेअरचा डेमो नेहमीच छान होतो, कारण त्यातला माल विकणाऱ्याने आधीच भरून ठेवलेला असतो: एक साबण, एक बिस्किटपुडा, प्रत्येकाला एक बारकोड आणि एक भाव. दुकानात मात्र साखर पोत्याने येते आणि पावशेराने जाते. म्हणून डेमो बघायचा तो आपल्याच मालावर.

आधी वीस वस्तूंची यादी करा

गेल्या तीन महिन्यांची खरेदी बिले काढा आणि त्यातून त्रास देणाऱ्या वीस वस्तू निवडा. सरळ विकल्या जाणाऱ्या वस्तू कुठलेही सॉफ्टवेअर सांभाळते, त्या नकोत. यादीत पुढचे प्रकार हवेतच.

*एक बारकोड, दोन एमआरपी.* कंपनी किंमत बदलते, पण बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो. रॅकवर ३५ आणि ३८ छापलेले साबण शेजारी असतात. स्कॅन केल्यावर कोणती एमआरपी, हे सॉफ्टवेअरने विचारले पाहिजे. वस्तूमागे एकच एमआरपी ठेवणारे सॉफ्टवेअर असेल तर नवा भाव भरताच जुना नगही ३८ ला जातो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ‘कॉम्प्युटरने लावलं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

*सुटा आणि पॅकबंद.* सुट्या तांदळावर जीएसटी नाही, पण २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के आहे. तांदूळ तोच असला तरी सॉफ्टवेअरमध्ये या दोन वेगळ्या वस्तू हव्यात.

*फोडून विकला जाणारा माल.* ५० किलो साखरेच्या पोत्यातून एक-एक किलोच्या ५० पिशव्या कधीच भरत नाहीत. सांडलवंड आणि काट्याचे झुकते माप धरून घट निघतेच. ‘एक पोते वजा, ४९ पिशव्या जमा, बाकी घट’ अशी रिपॅकिंगची नोंद एकाच ठिकाणी करता येते का ते पाहा. ती सोय नसेल तर साखरेचा स्टॉक महिनाभरातच कागदावर एक आणि कोठीत दुसरा होतो.

*बॉक्स, डझन, नग.* खरेदी बॉक्समध्ये आणि विक्री नगावर होते. १४४ नगांचा बॉक्स पुढच्या खेपेला १२० चा आला तर जुन्या नोंदी न बिघडवता तो बदल करता आला पाहिजे. तेलाच्या डब्यात वेगळाच घोळ असतो. ‘पंधराचा डबा’ म्हणजे १५ किलो की १५ लिटर? लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. दोन्ही एकाच नावाखाली चढवले तर नफ्याचा आकडा निव्वळ कल्पना ठरतो.

*स्कीमचा माल.* १२ वर १ फुकट आले आणि नगाची किंमत १० रुपये असेल, तर खरा खरेदीभाव १२० भागिले १३, म्हणजे ९ रुपये २३ पैसे. खरेदीच्या नोंदीत फुकट नगांचा वेगळा रकाना नसेल तर एक नग स्टॉकमध्ये येतच नाही.

यांच्या जोडीला एक्सपायरीचा परत जाणारा माल, वजनावर जाणारे फरसाण आणि उधारीवरचे एक-दोन गिऱ्हाईक घ्या.

मग सीएला विचारा

तुम्ही नियमित जीएसटीत आहात की कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची योजना), यावर बिलाचा मसुदाच बदलतो. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. त्याच्या बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ हे शीर्षक आणि कंपोझिशनचा ठरलेला मजकूर लागतो. काही सॉफ्टवेअरमध्ये कंपोझिशनचे बटण असते पण शीर्षक तेच राहते, तेव्हा एक बिल छापूनच बघा.

नियमित असाल तर जीएसटीआर-१ चा (विक्रीच्या विवरणपत्राचा) तपशील पोर्टलवर चढवण्याजोग्या फाइलमध्ये निघतो का, आणि सीए टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्यात जातो का, ते विचारा. बिल क्रमांक सलग आणि १६ अक्षरांच्या आत हवा. दोन काउंटर असतील तर प्रत्येकाची मालिका वेगळी ठेवा, नाहीतर इंटरनेट गेल्यावर दोन्हीकडे एकाच नंबरचे बिल फाटते.

एक चाचणी मुद्दाम करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वड्या, शाम्पू आणि टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. एका वस्तूचा दर अमुक तारखेपासून बदला, मग आधीच्या तारखेचे बिल पुन्हा छापा. जुन्या बिलावर जुनाच दर दिसला पाहिजे. तो बदलला असेल तर त्या सॉफ्टवेअरला तारखेनुसार दर ठेवता येत नाही. ते तिथेच सोडा.

डेमो दुकानात घ्या

विकणाऱ्याला दुकानात बोलवा, यादी त्याच्यासमोर ठेवा आणि वीसच्या वीस वस्तू तुमच्या माणसाला भरू द्या. विकणाऱ्याच्या बोटांना सवय असते, तुमच्या काउंटरवरच्या मुलाला नसते. मग एवढे करा:

१. पंधरा वस्तूंचे बिल माउसला हात न लावता करून घ्या. दर वस्तूला माउस लागत असेल तर संध्याकाळी सातला रांग दाराबाहेर जाईल.
२. बिल अर्धवट थांबवून दुसऱ्याचे करा आणि पहिले परत उघडा. ‘अहो, तूरडाळ राहिलीच’ हे रोज दहा वेळा होते.
३. राउटर बंद करून दहा बिले करा. चालू केल्यावर दहाही बिले आणि स्टॉक जागेवर आहेत का ते पाहा.
४. काउंटरच्या लॉगिनने एक बिल खोडून बघा. मालकाच्या पासवर्डशिवाय खोडता येता कामा नये आणि खोडल्याची नोंद राहिली पाहिजे. त्या लॉगिनला खरेदीभावही दिसू नये.
५. वस्तूंची यादी आणि उधारीच्या बाक्या एक्सेलमध्ये बाहेर काढा. ‘ते नंतर सपोर्टवाले करून देतील’ असे उत्तर आले तर तुमचा डेटा तुमचा राहणार नाही.

पैशांची बोलणी त्यानंतर. वार्षिक शुल्क थकले तर जुनी बिले निदान बघता तरी येतात का, दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवायला वेगळे पैसे पडतात का, आणि सपोर्ट रविवारी मिळतो का, हे लेखी घ्या.

यंत्रे

प्रिंटर ८० मिलिमीटरचा घ्या. ५८ च्या कागदावर ओळीत साधारण ३२ अक्षरे बसतात, त्यात नाव, नग, एमआरपी आणि रक्कम कोंबावी लागते. बिल मराठीत हवे असेल तर खऱ्या प्रिंटरवर छापून बघाच. बऱ्याच थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरांत देवनागरी अक्षरे नसतात आणि सॉफ्टवेअरला ओळ चित्र म्हणून पाठवावी लागते. ते जमत नसेल तिथे प्रश्नचिन्हे उमटतात. थर्मल छपाई पुसट होते, म्हणून उधारीचा पुरावा त्यावर ठेवू नका. स्कॅनर क्यूआरही वाचणारा घ्या. काटा जोडायचा असेल तर तुमच्याच काट्याचे वजन बिलात उमटते का ते बघा.

माल चढवताना

तीन हजार वस्तू एकदम भरू नका. खरेदी बिलांतल्या चालत्या पॅकबंद वस्तू आधी, सुटा माल नंतर. बारकोड टाइप करण्याऐवजी स्कॅन करा. एक्सेलमध्ये भरत असाल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर १३ आकडी बारकोडचा ८.९ई+१२ असा अवतार होतो, आणि फाइल तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) प्रकारात जतन झाली की मूळ आकडे परत मिळत नाहीत. मोजणी दुकान बंद झाल्यावर, एकेक रॅक संपवत करा.

स्टॉक शून्य असताना विक्री अडवावी का, हा प्रश्न सेटिंगमध्ये येतो. किराण्यात अडवू नका, फक्त इशारा ठेवा. माल रॅकवर असतो, खरेदी बिल चढवायचे राहिलेले असते. विक्री अडली की काउंटरवरचा मुलगा त्याच भावाच्या दुसऱ्या वस्तूवर बिल करतो आणि एकाऐवजी दोन वस्तूंचा हिशोब चुकतो. रोज सकाळी उणे स्टॉकची यादी काढून राहिलेली खरेदी चढवा.

पहिले दोन महिने दर आठवड्याला तीस वस्तू मोजा. एक साबण १२ ने कमी आणि त्याच किमतीचा दुसऱ्या वासाचा साबण १२ ने जास्त निघाला तर चोरी शोधू नका. चार वासांचे बारा नग आले की एकच स्कॅन करून पुढे १२ दाबले जाते. मागणी वासानुसार नोंदवत असाल तर प्रत्येक नग स्कॅन करायला लावा, नसाल तर चारही बारकोड एकाच वस्तूला जोडून टाका.